चित्र कापडात नसते, कापडावर असते

गेल्या अंकात एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना, इस्त्रीने उमटवलेल्या चित्रांच्या जुन्या टी-शर्टविषयी मी जेमतेम दहा ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली पत्रे पाहता सांगली, मिरज, सातारा या भागांतल्या बऱ्याच कपाटांच्या तळाशी असा एखादा तरी टी-शर्ट अद्याप घडी घालून ठेवलेला असावा, असे दिसते. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रांमध्ये कोणी या चित्रांना ‘ट्रान्सफर’ म्हटले आहे, तर कोणी ‘रबर प्रिंट’. परंतु आपल्याकडच्या दुकानांत ‘स्टिकर’ हाच शब्द चाले आणि ‘स्टिकर मारून मिळेल’ असेच दुकानदार सांगत, म्हणून मीही तोच शब्द ठेवतो.

प्रश्न : माझ्या वडिलांचे १९८६ सालचे एक छायाचित्र आमच्याकडे आहे. आयर्विन पुलाच्या कठड्याला टेकून ते उभे आहेत आणि त्यांच्या पांढऱ्या टी-शर्टवर लालभडक ओठ व बाहेर काढलेली भली मोठी जीभ आहे. हे चित्र कशाचे, हे त्यांना तेव्हाही माहीत नव्हते. दुकानाच्या भिंतीवर लावलेल्या चित्रांत ते सर्वांत लाल होते, म्हणून त्यांनी ते निवडले, एवढेच ते सांगतात. आजीला मात्र तो टी-शर्ट पाहून संताप आला होता. ‘कालीमातेची जीभ छातीवर मिरवतोस?’ असे म्हणून तिने तो धुवायला कधी हातात घेतला नाही. ते चित्र नेमके कशाचे होते?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्या आजी सत्याच्या सर्वांत जवळ होत्या, हे वाचून आपल्या वडिलांना आश्चर्य वाटेल.

ते ‘रोलिंग स्टोन्स’ या इंग्लंडमधल्या रॉक वाद्यवृंदाचे बोधचिन्ह आहे. जॉन पॅश नावाच्या, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या एका तरुणाने १९७० साली ते काढले आणि त्याबद्दल त्याला आरंभी ५० पौंड मिळाले. वाद्यवृंदाचा गायक मिक जॅगर याने त्याला जे चित्र दाखवून प्रारंभ करायला सांगितले, ते जीभ बाहेर काढलेल्या कालीमातेचे होते. पॅशने देवीला बाजूला ठेवले आणि फक्त तोंड घेतले. मोठ्यांना वेडावून दाखवणाऱ्या मुलाचा उर्मटपणाही त्याने त्यात मिसळला. १९७१ च्या ध्वनिमुद्रिकेबरोबर ते चिन्ह लोकांसमोर आले आणि पुढे त्याचे मूळ चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २००८ मध्ये विकत घेतले. म्हणजे आपल्याकडच्या देवीची जीभ लंडनला जाऊन, तिथून अमेरिकेच्या बाजारातून फिरून, पुन्हा कृष्णेच्या काठी आपल्या वडिलांच्या छातीवर आली. वाटेत तिची ओळख पुसली गेली होती, पण आजींनी ती एका नजरेत पटवली. त्यांनी तो टी-शर्ट धुतला नाही हे एका परीने बरेच झाले. का, ते पुढच्या उत्तरात येईल.

आपल्या पत्रातले ‘सर्वांत लाल होते म्हणून’ हे कारण मला फार मोलाचे वाटते, कारण स्टिकरचा सगळा व्यवहार त्यावरच चालत असे. टी-शर्ट हा मुळात आतून घालायचा कपडा. अमेरिकी नौदलात विसाव्या शतकाच्या आरंभी तो गणवेशाच्या आत घातला जाई, आणि १९५० च्या दशकात मार्लन ब्रँडो व जेम्स डीन या नटांनी तो पडद्यावर वरून घातल्यानंतर तरुणांनी तो वरचा कपडा म्हणून स्वीकारला. छातीवरची मोकळी जागा मग रिकामी राहणे शक्यच नव्हते. १९७० च्या दशकात अमेरिकेत जागोजागी अशी दुकाने निघाली, की जिथे एका भिंतीवर क्रमांक घातलेली शेकडो चित्रे असत, दुसऱ्या बाजूला कोऱ्या रंगीत टी-शर्टच्या चळती असत, आणि गिऱ्हाइकाने बोट दाखवलेले चित्र गरम तव्याच्या यंत्राखाली दहा-पंधरा सेकंद दाबून तिथल्या तिथे हातात दिले जाई. पाठीवर मखमली अक्षरांत नाव हवे असेल, तर तेही चिकटवून मिळे. १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट आला तेव्हा मुले ज्या उत्साहाने चित्रपटगृहात जात होती, त्याच उत्साहाने या दुकानांतही जात होती. हसऱ्या पिवळ्या चेहऱ्याचे चिन्ह हार्वे बॉल या चित्रकाराने १९६३ मध्ये एका विमा कंपनीसाठी ४५ डॉलरांत काढून दिले होते. या भिंतींवर त्याचेही ठाण असे.

आपल्याकडे ही भिंत आली ती बरीच आटून. मी पाहिलेले दुकान गणपती पेठेच्या जवळ एका बोळात होते. भिंतीवर तीसेक चित्रे, यंत्राऐवजी जाड विजेची इस्त्री, आणि दुकानदार इस्त्री दाबताना श्वास रोखून धरत असे, त्यामुळे भोवती उभी असलेली आम्ही पोरेही नकळत श्वास रोखत असू. कागद सोलला की शाईचा गरम, प्लॅस्टिकसारखा वास येई. मी जे घेतले त्यावर माडाचे झाड, समुद्राची लाट आणि एक फळी घेऊन धावणारा माणूस होता. ती फळी कशासाठी, हे मला ठाऊक नव्हते. मी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता, फक्त पुराची कृष्णा पाहिली होती, आणि तिच्यावर कोणी हौसेने फळी घेऊन धावत जाईल हे पटण्यासारखे नव्हते. खाली ‘कॅलिफोर्निया’ असे लिहिलेले होते, आणि त्यात एक ‘एल’ जास्त होता, हे मला महाविद्यालयात गेल्यावर कोणीतरी हसत सांगितले. तोवर टी-शर्ट फाटून गाडी पुसायला गेला होता.

प्रश्न : आमचे घर गावभागात आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात तळमजल्यावरची लोखंडी पेटी तीन दिवस पाण्यात होती. तिच्यात माझ्या धाकट्या भावाचा काळा टी-शर्ट होता. त्यावर उडणारा गरुड आणि मोटारसायकल यांचे चमकीचे चित्र आहे. भाऊ आता हयात नाही. पुरानंतर मी तो नळाखाली धुऊन, वाळवून, डांबरगोळ्या घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला. परवा उघडला तर चित्र चिकट झाले आहे, घडीच्या दोन बाजू एकमेकींना धरून बसल्या आहेत आणि काही ठिकाणी भेगा पडल्या आहेत. तो जपायचा आहे. काय करावे?
— एक वाचक भगिनी, गावभाग, सांगली

उत्तर : ताई, आपण केलेले सर्व काही मायेने केलेले आहे, आणि त्यातल्या दोन गोष्टींनी चित्राचे नुकसान झाले आहे. दोष आपला नाही, कारण सुती कपड्यांच्या बाबतीत आपल्या आईने आणि आजीने हेच केले असते आणि ते योग्यच ठरले असते.

अडचण अशी आहे, की हे चित्र कापडात नसते, कापडावर असते. रंगवलेल्या लुगड्यात रंग धाग्याच्या आत शिरलेला असतो. स्टिकरमध्ये मात्र धाग्यांवर बसलेली प्लॅस्टिकची एक पातळ साय असते. तिच्या शाईला ‘प्लास्टिसोल’ म्हणतात. पीव्हीसीची बारीक भुकटी आणि तिला लवचीक ठेवणारे तेलकट द्रव्य यांचे ते मिश्रण असते. ते चिकट न होणाऱ्या कागदावर छापून अर्धवट सुकवतात, आणि इस्त्रीच्या उष्णतेने, म्हणजे सुमारे १६० अंश सेल्सिअसला, ते पूर्ण वितळून कापडाच्या वरच्या तंतूंना धरते. वर्षे गेली की ते तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर झिरपू लागते. बाहेर आले की चित्र हाताला चिकट लागते, आणि पुरेसे निघून गेले की उरलेली साय कडक होऊन तडकते. आपल्या टी-शर्टवर या दोन्ही अवस्था एकाच वेळी दिसत आहेत.

डांबरगोळीची वाफ ही प्लॅस्टिकला मऊ करते, आणि बंद पिशवीत ती वाफ कोंडून राहते. त्यात झिरपलेल्या तेलालाही जायला वाट मिळत नाही. म्हणून आधी गोळ्या आणि पिशवी दोन्ही काढून टाकावीत. चिकटलेल्या बाजू ओढून सोडवू नयेत. टी-शर्ट तसाच्या तसा स्वच्छ पिशवीत हवाबंद गुंडाळून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात अर्धा-एक तास ठेवावा. थंडीने साय आखडते आणि चिकटपणा कमी होतो. बाहेर काढल्यावर लगेच, सावकाश, कडेकडून, बोटांच्या सपाट भागाने बाजू वेगळ्या कराव्यात. घाई केली तर गरुडाचा पंख एका बाजूला आणि धड दुसऱ्या बाजूला जाईल. जिथे अडेल तिथे थांबून पुन्हा गार करावे.

चिकटपणा काढण्यासाठी रॉकेल, थिनर, स्पिरिट यांपैकी काहीही लावू नये. हे सगळे पदार्थ शाईच विरघळवू किंवा फुगवू लागतात. गार पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाकून, उलटा करून, नुसता बुडवावा. चोळू नये, पिळू नये. पुराचा गाळ धाग्यांत अजून असेल, तर सुक्या अवस्थेत मऊ ब्रशने तो पाठीमागून आधी झटकावा, कारण ओला झाला की गाळाचे कण सायीखाली सरकतात आणि तिला उचलतात. पिवळट डाग मात्र आता जाणार नाहीत, आणि माझे मत विचाराल तर ते घालवण्याच्या मागे लागू नये. त्या कापडाने तो पूर पाहिला आहे.

वाळवणे सावलीत आणि आडवे. ठेवताना चित्रावर स्वयंपाकघरातला बटर पेपर पसरावा, घडी चित्राच्या मधून पडू देऊ नये. शक्य असेल तर गुंडाळी करावी, चित्र बाहेरच्या बाजूला. वर जुन्या सुती धोतराचे किंवा मलमलीचे कापड. किडीची भीती असेल तर वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाची वाळलेली पाने वेगळ्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवावीत. आणि पेटी तळमजल्यावर ठेवू नये, हे गावभागातल्या माणसाला मी सांगण्याची गरज नाही.

भेगा पडल्या आहेत त्या भरून निघत नाहीत. बटर पेपर ठेवून हलकी इस्त्री दाबल्यास सुटलेले कोपरे काही वेळा पुन्हा बसतात, पण एवढ्या जुन्या चित्रावर मी तो धोका घेणार नाही. चमकी असल्यास तर मुळीच नाही.

प्रश्न : मी सांगलीतल्या एका महाविद्यालयात शिकतो. समाजमाध्यमावरच्या एका विक्रेत्याकडून ‘अस्सल १९७९ चा विंटेज’ म्हणून २,८०० रुपयांना एक टी-शर्ट घेतला. चित्राच्या खाली १९७९ हे साल छापलेले आहे आणि चित्र छान तडकलेलेही आहे. मित्र म्हणतात, फसलास. खरे कसे ओळखावे?
— एक विद्यार्थी वाचक, सांगली

उत्तर : चित्राखाली छापलेले साल हे चित्राच्या हक्काचे असते, कपड्याचे नव्हे. १९७९ मध्ये नोंदवलेले चित्र गेल्या महिन्यात छापले, तरी खाली १९७९ च राहील. तेव्हा तो पुरावा बाजूला ठेवावा आणि बाहीची दुमड पाहावी. अमेरिकी टी-शर्टांच्या बाहीच्या व खालच्या दुमडीवर साधारण १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुधा एकेरी शिवण असे, पुढे दोन समांतर ओळींची शिवण रूढ झाली. आपल्या टी-शर्टवर दुहेरी शिवण असेल, तर १९७९ ला रामराम करावा. एकेरी असली म्हणून तो जुनाच ठरत नाही, कारण हल्ली मुद्दाम एकेरी शिवण घालून विकणारेही आहेत. पण शिवणीवरून खोटे लवकर उघडे पडते. धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी पाहावी. अमेरिकेत अशी कायमची चिठ्ठी लावणे १९७० च्या दशकाच्या आरंभी बंधनकारक झाले, तेव्हा चिठ्ठी असणे काही बिघडवत नाही. मात्र तिच्यावर संकेतस्थळाचा पत्ता असेल, तर पुढची तपासणी करण्याची गरज नाही.

भेगांविषयी बोलायचे तर त्या वाचता आल्या पाहिजेत. खरा टी-शर्ट अंगावर ताणला जातो तिथेच चित्र तडकते, म्हणजे छातीच्या रुंदीत आणि पोटाच्या वर, आणि काखेकडच्या कडा बहुधा शाबूत राहतात. आपल्या चित्रावर भेगा सगळीकडे सारख्या अंतराने, भाजलेल्या पापडासारख्या पसरलेल्या असतील, तर त्या शाईतच घालून विकलेल्या आहेत. सुकताना आपोआप तडकणारी शाई बाजारात मिळते. त्यानंतर एखाद्या सराफाकडचे भिंग मागून चित्र पाहावे. त्या काळच्या छायाचित्रासारख्या चित्रांत चार रंगांचे बारीक ठिपके एकमेकांशेजारी दिसतात, कारण ती वर्तमानपत्राच्या पुरवणीप्रमाणे छापलेली असत; आणि चित्राच्या कडेने शाईची एक पारदर्शक, किंचित पिवळसर झालेली किनार दिसते. रंग धाग्यांत मुरलेला दिसला आणि हाताला काहीच लागले नाही, तर ते आजच्या डिजिटल यंत्राचे काम आहे.

वापरलेले विदेशी कपडे कांडल्यातल्या गोदामांत निवडले जातात आणि पानिपतच्या गिरण्यांत चिंध्या होऊन त्यांची घोंगडी बनतात, त्यामुळे त्या वाटेवर एखादा अस्सल तुकडा कोणाच्या हाती लागणे अशक्य नाही. तो २,८०० रुपयांना घ्यावा की नाही, हे आपल्या खिशाने ठरवायचे. मला विचाराल तर तुमच्या एखाद्या काकांच्या ट्रंकेत शोधणे जास्त फलदायी, आणि तिथे विक्रेता चहाही देतो.

प्रश्न : आमच्या मंडळाला यंदा पन्नास वर्षे होत आहेत. कार्यकर्त्यांसाठी १२० टी-शर्ट करायचे आहेत आणि त्यांवर जुन्या काळाची छाप असावी, अशी सर्वांची इच्छा आहे. मुलांनी वेताळाचे चित्र सुचवले, कारण इंद्रजाल कॉमिक्स वाचून आमची आधीची पिढी वाढली. छपाईवाला म्हणतो, नेटवरून उचलू, कोण विचारतो. हे चालेल का? आणि छपाई कशी करावी?
— एक कार्यकर्ता, सातारा

उत्तर : ‘कोण विचारतो’ हे छपाईवाल्याचे उत्तर आहे, कायद्याचे नव्हे. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. वेताळाचे, म्हणजे मूळ इंग्रजी चित्रकथांतल्या ‘फँटम’चे, जनक ली फॉक हे १९९९ मध्ये निवर्तले, आणि त्या पात्राचे हक्क अमेरिकेच्या किंग फीचर्स सिंडिकेटकडे आहेत. वेताळ अमर आहे असे त्याच्या गोष्टींत म्हणत; हक्कांच्या बाबतीत तरी ते बराच काळ खरे राहील. पहिल्या पत्रातल्या जिभेलाही हेच लागू आहे.

मोकळे हवे असेल तर राजा रविवर्मा आहेत. त्यांचा मृत्यू १९०६ चा, तेव्हा त्यांच्या चित्रांवरची मुदत कधीच संपली आहे. शिवाय एक जवळचे नाते असे, की त्यांच्या छापखान्यातली देवादिकांची चित्रे ज्या शिळाछापाच्या तंत्राने घरोघर गेली, त्याच तंत्राच्या पुढच्या रूपाने १९७० च्या दशकातली रंगीत स्टिकरे छापली गेली. परंतु माझे मत वेगळे आहे. पन्नास वर्षांच्या मंडळाला जुनी छाप अमेरिकेतून आणण्याची गरज कशासाठी? आपल्या पहिल्या वर्षीचे वर्गणीचे पावतीपुस्तक कोणाच्या तरी घरी असेल. त्यावर शिशाच्या खिळ्यांची अक्षरे आणि कोपऱ्यात ब्लॉकने छापलेला, शाई थोडी फुटलेला, गणपती असेल. तो गणपती मोठा करून एका रंगात छातीवर घ्यावा आणि खाली ‘पावती क्र. १’ असे त्याच खिळ्यांच्या अक्षरांत ठेवावे. त्या वर्षी वर्गणी किती होती, हे पाठीवर छापले तर मिरवणुकीत त्याचीच चर्चा होईल.

छपाईविषयी थोडक्यात. १२० नग आणि एक-दोन रंग असतील तर स्क्रीन प्रिंटिंग करावे. ते स्वस्तही पडेल आणि टिकेलही. डीटीएफ म्हणजे फिल्मवर छापून, वितळणारी डिंकाची भुकटी लावून, तव्याखाली दाबलेले चित्र. ते अनेक रंग आणि थोडे नग असतील तेव्हा परवडते. सब्लिमेशन फक्त पॉलिस्टरच्या फिकट कापडावर उठते, कारण त्यात साधारण २०० अंशांवर रंगाची वाफ होऊन ती धाग्याच्या आत शिरते. तिथे चित्र खरोखर कापडात असते, म्हणून ते कधी तडकत नाही, आणि म्हणूनच कधी जुनेही दिसत नाही. ढोल वाजवणाऱ्यांनी सुतीच घ्यावे. पॉलिस्टरमध्ये दुपारच्या मिरवणुकीत काय होते, हे आपण मला अधिक चांगले सांगू शकाल.

प्रश्न : आईच्या साठीनिमित्त आम्हा सहा भावंडांना घरच्या घरी तिच्या तरुणपणीच्या छायाचित्राचे टी-शर्ट करायचे आहेत. घरी साधा इंकजेट प्रिंटर आहे. जमेल का?
— एक वाचक भगिनी, तासगाव

उत्तर : जमेल. इंकजेटसाठीचा ट्रान्सफर पेपर बाजारात मिळतो; लेसर प्रिंटरमध्ये तो घालू नये, आतल्या उष्णतेने वितळून यंत्रच बंद पडेल. फिकट कापडाचा आणि गडद कापडाचा कागद वेगळा असतो. फिकट कापडाच्या कागदावर चित्र उलटे, म्हणजे आरशात दिसते तसे छापावे लागते. गडद कापडाच्या कागदावर सुलटेच छापतात. छायाचित्र उलटे झाले तर फक्त आईची वेणी दुसऱ्या खांद्यावर जाईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण खाली ‘आई’ लिहिले असेल तर ते कानडीही वाटणार नाही आणि मराठीही.

नवा टी-शर्ट आधी एकदा धुऊन त्याची खळ काढावी. मऊ गादी किंवा घोंगडी घेऊ नये. लाकडी टेबलावर एकच सुती पंचा अंथरावा, कारण इथे उष्णतेइतकाच दाब महत्त्वाचा असतो. इस्त्री सुतीच्या खुणेवर, वाफ पूर्ण बंद. वाफेची भोके जिथे येतात तिथे चित्र नीट बसत नाही. इस्त्री सरकवत राहू नये, एकेका जागी अंगाचे वजन देऊन दाबावी. कागद गरम असताना सोलायचा की गार झाल्यावर, हे पाकिटावर लिहिलेले असते आणि तेच खरे मानावे. चित्राचे कोपरे कात्रीने गोल करावेत. टोकदार कोपरा पहिल्या धुण्यातच उचलला जातो.

आपल्या आईंनी भरतकाम केले असेल तर त्यांना यात नवे काही वाटणार नाही. सुईने भोके पाडलेल्या कागदाचा खाका कापडावर ठेवून, रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा त्यावरून फिरवून त्यांनी मोर आणि वेली उमटवल्या असतील; आणि इस्त्री फिरवली की निळ्या रेषा कापडावर उतरणारे भरतकामाचे कागद तर स्टिकरच्या टी-शर्टपेक्षा कितीतरी जुने आहेत. त्यांनाच एक टी-शर्ट दाबायला द्यावा.

पत्र : आपण गेल्या अंकात लिहिले, की स्टिकरच्या टी-शर्टला इस्त्री करताना तो उलटा करावा, म्हणजे चित्र जळत नाही. आमचा तीन पिढ्यांचा इस्त्रीचा धंदा आहे. नुसता उलटा करून दाबला तर वरून काही दिसत नाही, पण खाली चित्र गरम होऊन टेबलावरच्या चादरीला चिकटते. उचलला की अर्धे चित्र चादरीवर. माझ्या वडिलांनी असे एकदा गिऱ्हाइकाचे कपडे भरून दिले आहेत. कृपया दुरुस्ती छापावी.
— परीट व्यवसायातील एक वाचक, मिरज

उत्तर : दुरुस्ती मान्य आहे, आणि माझ्या त्या सल्ल्यामुळे कोणाचे चित्र चादरीवर गेले असेल तर मी दिलगीर आहे. प्लास्टिसोल एकदा पक्के झाले तरी उष्णतेने पुन्हा मऊ होते, त्यामुळे इस्त्री वरून असो वा खालून, चित्राला टेकणारी जी वस्तू असेल तिला ते धरू पाहणारच. हे मला सुचायला हवे होते. या वाचकांना मी दूरध्वनीवरून विचारले, की मग ते स्वतः काय करतात. त्यांनी सांगितले, की टी-शर्ट सुलटाच ठेवायचा, चित्र सोडून भोवतीने इस्त्री फिरवायची, आणि चित्राच्या मागे सुरकुती पडली असेल, तर टी-शर्टच्या आत हात घालून ती हाताने सारखी करायची. आत बटर पेपर घालून चित्र त्यावर पालथे पाडले आणि कोमट इस्त्री लावली तरी चालते. वडील त्यासाठी वर्तमानपत्र वापरत, पण मग गरुडाच्या पंखावर बाजारभाव उमटत, असेही ते म्हणाले.